बिनविषाची टाकी

परळच्या एका संशोधन संस्थेत शैला घाडीगावकर बावीस वर्षं मासे मारण्याच्या नोकरीत होत्या, आणि त्यांचं नाव होतं ते मासे न मरू देण्याबद्दल. संस्थेत कोणाला यात काही विचित्र वाटत नसे.

शेतांतून आणि बागांतून जी कीटकनाशकं नद्यानाल्यांत उतरतात, ती पाण्यातल्या जिवांना किती घातक असतात हे ठरवणं हे संस्थेचं काम. त्याची रीत जगभर साधारण एकच आहे. काचेच्या सहा टाक्या घ्यायच्या. प्रत्येकीत दहा गप्पी मासे सोडायचे. पाच टाक्यांत चढत्या मात्रेनं विष घालायचं, सहावीत काहीच नाही. मग चार दिवस थांबायचं आणि रोज सकाळी मेलेले मोजायचे. ज्या मात्रेला निम्मे मासे मरतात ती मात्रा शोधनिबंधात जाते, मासे प्लास्टिकच्या पिशवीत जातात. यातली सहावी टाकी सगळ्यात महत्त्वाची. तिथले मासे जगले, तरच बाकीचे विषानं मेले असं छातीठोकपणे म्हणता येतं. तिथे दहांपैकी एकापेक्षा जास्त मेले की सगळी चाचणी रद्द. शास्त्रज्ञ मंडळी या टाकीला ‘कंट्रोल’ म्हणत. शैलाबाई ‘बिनविषाची’ म्हणत. त्या बिनविषाच्या टाकीत त्यांच्या हातून बावीस वर्षांत एकही मासा मेला नव्हता.

त्यांचे यजमान याच प्रयोगशाळेत परिचर होते. ते अचानक गेले, आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांची खुर्ची शैलाबाईंना मिळाली. खुर्ची म्हणजे स्टूल. मुलाखत घेतली ती डॉ. रेमंड परेरा यांनी. परेरा माझगावचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच राहिलेल्या ख्रिस्ती घरातले, आणि त्या काळी डोक्यावर केस असलेले.

“माशांची भीती नाही ना वाटत?” त्यांनी विचारलं होतं.

“मालवणकडच्या माणसाला विचारताय, सर?”

“जिवंत माशांची म्हणतोय मी.”

“जिवंत फारसे बघितले नाहीत,” शैलाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्यांची नेमणूक झाली.

लालबागच्या त्यांच्या चाळीत त्यांची ख्याती वेगळी होती. मासळी घ्यायची असली की शेजारची नलू दारातूनच हाक मारी, “शैला, तू चल गो. माका कळणा नाय.” बाजारात शैलाबाई कल्ला उचलून बघत, डोळा बघत, पोटावर अंगठा दाबत आणि अर्धा वाटा कोळणीच्या पाटीत परत टाकत. कोळीण वैतागून म्हणे, “घाडीणबाई, कालवण करायचंय की सोयरीक जुळवायचीय?” शैलाबाई उत्तर देत नसत. निवडताना त्या बोलत नसत.

येत्या महिनाअखेरीला त्या अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होत्या. संस्थेतून परिचर निवृत्त झाला की चहा, सामोसा आणि एक भिंतीवरचं घड्याळ असा रिवाज होता. शैलाबाईंसाठी मात्र संचालकांनी मानपत्र करायचं ठरवलं. त्यात ‘बावीस वर्षे, तीनशे बारा चाचण्या, नियंत्रण टाकीत शून्य मृत्यू’ असं वाक्य घालायचं होतं, आणि तेच वाक्य पुढे वार्षिक अहवालातही जाणार होतं. “कशाला उगाच,” असं शैलाबाई प्रयोगशाळेत म्हणाल्या. चाळीत त्यांनी हे तिन्ही मजल्यांवर सांगितलं. मुलाला, वैभवला, त्या दिवशीची रजा टाकायला लावली. दादरला जाऊन साडी आणली आणि ब्लाउज वेळेवर मिळावा म्हणून शिंप्याकडे दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्या नावावर जगात एकच गोष्ट होती, ते शून्य. ते घेऊन त्यांना घरी जायचं होतं.

अडचण परदेशातून आली.

संस्थेत मेघना पाठारे नावाची गिरगावातली मुलगी तीन वर्षं डॉक्टरेटसाठी खपत होती. कोकणातल्या आंब्याच्या मोहरावर जे औषध फवारतात, ते ओघळून नदीत गेल्यावर माशांचं काय होतं, हा तिचा विषय. दर मे महिन्यात शैलाबाईंच्या भावाकडून हापूसची पेटी येई आणि प्रयोगशाळेतच फोडली जाई. त्या दिवशी निष्कर्षांवर चर्चा होत नसे.

मेघनाचा निबंध परदेशी नियतकालिकानं परत पाठवला. परीक्षकानं लिहिलं होतं, की त्यानं या संस्थेचे जुने निबंधही काढून पाहिले. गप्पी हा अल्पायुषी जीव असून तो अधूनमधून काही कारण नसतानाही मरतो. या संस्थेत मात्र तो बावीस वर्षांत विषाशिवाय एकदाही मेलेला दिसत नाही. तरी कोणता मासा कोणत्या टाकीत घालायचा हे कसं ठरवलं जातं, ते कृपया कळवावं.

परेरांनी पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. शैलाबाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे तिकडेपर्यंत गेलं म्हणायचं.”

“ताई, त्यानं कौतुक नाही केलंय,” मेघना म्हणाली.

“मग काय केलंय?”

“विचारलंय, मासे कसे निवडता.”

“कसे म्हणजे? बघून.”

परेरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बघून म्हणजे कसे, शैलाबाई? जरा दाखवा बरं.”

शैलाबाईंनी जाळी घेतली आणि मोठ्या हौदापाशी उभ्या राहिल्या. तिथे दोनशेएक मासे फिरत होते. “हा बघ गो. शेपटी मुडपून राहतो. हा विषात. हा वर येऊन तोंड उघडतोय, हापण विषात. आणि हा बघ, धारेवर कसा चढतो. हा बिनविषाच्यात.”

“आणि अगदी मरतुकडे?” परेरांनी विचारलं.

“ते पाच नंबरला. तिथे नाहीतरी दहाच्या दहा जातात. मग धडधाकट कशाला घालवायचे? जीव आहे त्यांना.”

“ताई, असं किती वर्षं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? तू भाजी डोळे मिटून घेतेस काय?”

मेघना भाजी मोबाइलवरून मागवत असे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मासे टाक्यांत वाटताना निवड करायचीच नसते. कोण कुठे जाईल हे नशिबावर सोडायचं असतं. नाहीतर विषाला बदनाम करण्यात माशाच्या प्रकृतीचाही हात राहतो. हे प्रयोगशाळेत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी ते शैलाबाईंना सांगितलं असेल. आता तीनशे बारा चाचण्यांत प्रत्येक विष खऱ्याहून जहाल ठरलेलं होतं. यातल्या दोन निबंधांवर परेरांना बढती मिळाली होती. एका निबंधाच्या आधारे कुठल्याशा सरकारी समितीनं एका औषधाची नदीतली मर्यादा निम्म्यावर आणली होती. शास्त्राच्या दृष्टीनं अनर्थ झाला होता. माशांच्या दृष्टीनं बरं चाललं होतं.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘चूक’ हा शब्द कुठेही वापरू नये असं सांगितलं. “‘निवडपद्धतीत सुधारणा’ म्हणा. आणि मुलीची चाचणी पुन्हा करून टाका.”

सुधारणेसाठी साधन हवं होतं. ते शैलाबाईंनीच आणून दिलं, चाळीच्या मंडळाची हाउजीच्या नंबरांची पिशवी. शैलाबाईंनी भिंतीकडे तोंड करून हौदात जाळी फिरवायची, जो येईल तो मासा धरायचा, आणि मेघनानं नंबर काढून त्याची टाकी ठरवायची.

“असं आंधळ्यासारखं?”

“असंच.”

“मग मी कशाला हवी? हे कोणीही करील.”

“हो ना ताई, तेच तर,” मेघना बोलून गेली, आणि मग दिवसभर तिनं शैलाबाईंना दोनदा चहा आणून दिला.

तिसऱ्या सकाळी बिनविषाच्या टाकीत एक मासा पोट वर करून तरंगत होता. चौथ्या सकाळी तीन झाले. शैलाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आलेल्या होत्या. मेघना आली तेव्हा त्या जाळी हातात घेऊन टाकीसमोर उभ्या होत्या. शेजारच्या हौदात दोनशे जिवंत मासे होते आणि अदलाबदलीला अर्धं मिनिट पुरलं असतं. शैलाबाईंनी ते केलं नव्हतं. त्यांना ते सुचलं होतं की नाही, हे मेघनानं विचारलं नाही.

नवी रीत बसवण्यासाठी केलेली ही नुसती उजळणी असल्यानं आकडे नोंदवहीत न चढता सुट्या कागदावर राहिले. कागदोपत्री शून्य शाबूत होतं. उजळणी पुन्हा केली. या खेपेला चार मेले.

“बाईंना राग आलाय,” संचालक परेरांना म्हणाले. “जाता जाता दाखवून देतायत.”

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत शैलाबाई नलूला म्हणाल्या, “माझे मासे मरतंत गो.”

“मगे? मासे मारूचाच काम मां तुझा?”

“विषाशिवाय मरतंत.”

“पिसा लागला तुका,” असं म्हणून नलू दोरीवरचे कपडे काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी शैलाबाई आपणहून परेरांच्या केबिनमध्ये गेल्या. बावीस वर्षांत हे प्रथमच. “सर, बाजारात एकाच पाटीतली मासळी खराब निघाली तर कोळणीला बोलायचं. सगळ्या पाट्यांतली खराब निघाली तर बर्फ बघायचा.”

“म्हणजे?”

“हौदातले मरत नाहीत. तेच मासे, तोच दिवस, तेच खाणं. हौदात नळाचं पाणी आहे. क्लोरीन उडून जायला मी ते दोन दिवस पिंपात उघडं ठेवून मग भरते. टाक्यांत विहिरीचं आहे.”

परेरांनी खिडकीबाहेर बघितलं. विहीर खिडकीखालीच होती. संस्थेच्या पहिल्या विभागप्रमुखांनी नियमपुस्तकात लिहून ठेवलं होतं, ‘आवारातील विहिरीचे पाणी हे प्रमाण पाणी समजावे.’ तेव्हापासून ते तसं समजलं जात होतं. पाण्यातलं कीटकनाशक अब्जातल्या एका भागापर्यंत मोजणारं यंत्र संस्थेकडे होतं, आणि त्यावर महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा नद्या तपासून झाल्या होत्या. ही विहीर कोणी तपासली नव्हती, कारण बाकीचं सगळं पाणी तिच्याशीच ताडून बघायचं होतं.

मेघनानं पोहरा सोडून बाटली भरली. दुपारपर्यंत यंत्रानं कागद बाहेर टाकला. विहिरीत वाळवीचं औषध होतं.

ते कुठून आलं हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चार वर्षांपूर्वी संस्थेच्या ग्रंथालयाला वाळवी लागली होती. जलप्रदूषणावरच्या नियतकालिकांचे जुने खंड तिला विशेष मानवले होते. ते ज्ञान वाचवण्यासाठी, संचालकांच्या सहीनं, ग्रंथालयाच्या पायाभोवती भोकं पाडून औषध सोडण्यात आलं आणि पुढे दरवर्षी सोडण्यात येऊ लागलं. पायापासून विहीर वीस पावलांवर होती. वाळवी अजून आहे.

म्हणजे गेली चार वर्षं बिनविषाच्या टाकीतही विष होतं. फार नव्हतं. हौदातल्या दोनशेंतून शैलाबाईंनी बघून बघून काढलेले दहा पैलवान ते चार दिवस पचवत होते, आणि संस्थेचं पाणी शुद्ध ठरत होतं.

परेरांनी संचालकांना पत्र लिहिलं. दोन दिवसांनी एक परिपत्रक निघालं, की संचालक कार्यालयातील चहासाठी यापुढे बाटलीबंद पाणी वापरावे. कँटीनचा चहा विहिरीच्या पाण्याचा होता. त्याबद्दल परिपत्रकात उल्लेख नव्हता. परेरांनी दुसरं पत्र लिहिलं. ते ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आलं. मेघनानं स्वतःच कँटीनमध्ये जाऊन सांगितलं. कँटीनवाला म्हणाला, “मॅडम, उकळतो ना आपण.” तिनं त्याला दहा मिनिटं समजावलं, तेव्हा तो नळाच्या पाण्यावर आला आणि मग चहा बेचव लागतो म्हणून सगळ्यांनी तक्रार केली.

अशात संचालकांनी शैलाबाईंना बोलावून घेतलं.

“बसा, शैलाबाई. अहो, बसा.”

त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या.

“शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेला मान्यता देणारी समिती येतेय. त्यांच्यासमोर एक चाचणी पूर्ण झालेली दाखवायचीय. सोमवारी सुरू करा. आणि पूर्वीसारखं तुम्हीच निवडा. तुमच्या हातानं.”

“ते चुकीचं आहे असं मेघना म्हणाली.”

“मेघना शिकतेय अजून. अनुभवी हाताची निवड असं आपण लिहून घेतलंय.” त्यांनी टेबलावरचा जाड कागद त्यांच्याकडे वळवला. “आणि दुपारी हे.”

मानपत्र छापून आलं होतं. सोनेरी कडा, मधोमध ‘श्रीमती शैला घाडीगावकर’, खाली ते वाक्य. शैलाबाईंनी ते दोनदा वाचलं. शून्य अक्षरांत छापलं होतं आणि बाकीच्या मजकुरापेक्षा ठसठशीत होतं.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “आणि पाण्याचं, साहेब?”

“पाण्याचं बघतोय आपण. समिती जाऊ दे.”

जिन्यात त्यांना परेरा भेटले. “शैलाबाई, मी लिहून दिलंय.”

“मग?”

“मग काही नाही. दोनदा लिहून दिलंय.” हे सांगताना परेरा अस्वस्थ दिसत होते. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

सोमवारी सकाळी शैलाबाई जाळी घेऊन हौदापाशी उभ्या राहिल्या. मेघना पाच टाक्यांत मात्रा मोजून घालत होती आणि मुद्दामच तिकडे बघत नव्हती. हौदात धारेच्या तोंडाशी पाचसात मासे एकमेकांवर चढाओढ करत होते. ते शैलाबाईंना केव्हाच दिसले होते. आणखी तीनचार सहज मिळाले असते. मग बिनविषाची टाकी शुक्रवारपर्यंत तशीच टवटवीत राहिली असती, समितीला शून्य दिसलं असतं, आणि विहीर शुद्ध आहे यावर संस्थेच्या सगळ्यात भरवशाच्या हाताची मोहर बसली असती.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. बाजारात कोळीण केव्हाच ओरडली असती.

“मेघना, पिशवी कुठे आहे गो?”

“ताई, साहेबांनी सांगितलंय ना, तुम्ही निवडायचं.”

“हो. मग मी कसे निवडायचे ते मी बघीन. नंबर काढ.” आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मंगळवारी कोणी मेलं नाही. बुधवारी एक. गुरुवारी दोन झाले. ते दोन्ही दिवस शैलाबाईंनी नोंदवहीत आकडा आपल्या गोल अक्षरात लिहिला आणि जेवणाचा डबा न उघडता घरी परत नेला. शुक्रवारी त्या नवी साडी नेसून आल्या. टाकीत चार मेलेले होते. त्यांनी ते जाळीनं काढले, कागदावर ओळीनं ठेवले, पुन्हा मोजले आणि नोंदवहीत ‘४’ लिहिलं. त्या रकान्याच्या शेजारी ‘शेरा’ असा रकाना होता. तीनशे बारा चाचण्यांत तिथे लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं, त्यामुळे तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. त्यात त्यांनी लिहिलं, ‘मासे बरे होते. पाणी वाईट.’

पावणेदहाला संचालक आले. त्यांनी आधी टाकी पाहिली, मग वही.

“मोजताना चुकलात तुम्ही.”

“मेलेले हलत नाहीत, साहेब. मोजायला सोपे.”

“बाई, हौदात मासे आहेत. अजून पंधरा मिनिटं आहेत.”

“आहेत ना. दोनशे आहेत. नळाच्या पाण्यात.”

“तुमच्या सत्काराचा दिवस आहे आज. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय,” शैलाबाई म्हणाल्या. त्यांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. “कळतंय. शाईनं लिहिलंय, साहेब.”

समितीत तिघं होती. प्रमुख बाई वयस्क होत्या आणि त्यांना वह्या उलटीकडून वाचायची सवय होती, त्यामुळे शेवटचं पान त्यांना पहिल्यांदा दिसलं.

“हा शेरा कोणाचा?”

“माझा,” शैलाबाई म्हणाल्या.

“तुमचं पद?”

“परिचर.”

“पाणी वाईट आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

“मासे न बघता घेतले होते, म्हणून.”

प्रमुख बाईंना हे लगेच कळलं नाही. परेरा घसा खाकरून पुढे आले आणि त्यांनी आपली दोन्ही पत्रं तारखांसकट सादर केली. ती त्यांनी सकाळपासून खिशात ठेवली होती.

दुपारी दोनला विहिरीवर पत्र्याचं झाकण आणि कुलूप आलं. मान्यता सहा महिने लांबणीवर पडली. मेघनाचा प्रबंधही तितकाच लांबला, आणि तीनशे बारा चाचण्यांचं काय करायचं यासाठी एक उपसमिती नेमली गेली. उपसमितीच्या बैठका ग्रंथालयात व्हायच्या होत्या.

सत्कार साडेतीनला झाला, कारण सामोसे आले होते. संचालकांनी भाषणात शैलाबाईंच्या दीर्घ सेवेचा गौरव केला आणि आकडे टाळले. शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. परेरांनी मात्र उभं राहून हात जोडले. त्यांना असं करताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना.

गेटपाशी वैभव वाट बघत होता. त्यानं आईच्या हातातल्या वस्तूंवरून नजर फिरवली. “आणि मानपत्र?”

“परत छापायला गेलंय.”

“का? नाव चुकलं?”

“नाव बरोबर आहे. आकडा बदलला,” शैलाबाई म्हणाल्या आणि घड्याळाचा खोका त्याच्या हातात दिला.